काच धुण्याचे पाणी : लहान बाटली, मोठी जबाबदारी

व्यापाराच्या पानावर आम्ही बहुधा भाव, कर, कर्ज आणि परवान्यांविषयी लिहितो. आज मोटारीच्या बोनेटखालच्या एका प्लास्टिकच्या बाटलीविषयी लिहीत आहोत. पुढची काच धुण्यासाठी जे पाणी लागते ते या बाटलीत असते. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत सूरजागड, एटापल्ली, आलापल्ली आणि आष्टी या पट्ट्यात आमच्या समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल गॅरेज, स्पेअर पार्ट, टायर, वेल्डिंग आणि ड्रायव्हरी या धंद्यांवर पेटते. ज्या धंद्यावर आपण जगतो त्यातली लहान चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतत असेल, तर तिच्याविषयी लिहिणे आम्हाला कर्तव्यच वाटते.

आणि हे आम्ही दुसऱ्याला उपदेश म्हणून लिहीत नाही. ही चूक आमच्याच दुकानात झाली. म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या दुकानातली चूक

हिवाळ्याचे दिवस होते. एटापल्लीकडे नोकरी करणारे एक गुरुजी आपली जुनी जीप सर्व्हिसिंगला घेऊन आले. ऑईल बदलले, ब्रेक पाहिले, रेडिएटरमध्ये कूलंट भरले. गाडी सोपवताना गुरुजी म्हणाले, "भाऊ, काचेचं पाणी पण भरून द्या, रस्त्यानं लई लाल धूळ असते." आम्ही गल्ल्यावरूनच पोराला आवाज दिला. पोराच्या हाताशी थंड पेयाची एक रिकामी बाटली होती. तिच्यात रेडिएटरमध्ये भरून उरलेले हिरवे कूलंट होते. बाटलीवर नाव नव्हते. पोराने ते काच धुण्याचे पाणी समजून वॉशरच्या टाकीत ओतले आणि वरून नळाचे पाणी भरले. बिलात या कामाचा एक पैसाही नव्हता, म्हणून आम्ही त्याकडे पाहिलेही नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास गुरुजी एटापल्लीहून आलापल्लीकडे निघाले. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना ठाऊक आहे की हिवाळ्यात त्या वेळी ऊन थेट समोरून येते. पुढे लोहखनिजाचा भरलेला ट्रक होता. काचेवर लाल धूळ बसली म्हणून गुरुजींनी पाण्याचे बटन दाबले आणि वायपर फिरवला. काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर तेलकट थर पसरला. त्या थरावर ऊन पडले आणि समोरचे सर्व दिसेनासे झाले. गुरुजींनी पुन्हा बटन दाबले, थर आणखी वाढला. गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडावर गेली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. गळ्याजवळचे हाड मोडले आणि जीप महिनाभर उभी राहिली.

गुरुजींचे भाऊ आमच्याकडे आले तेव्हा आमच्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले, ते लिहिताना आजही लाज वाटते. आम्ही म्हणालो, "आमच्याकडून पाणीच भरलं होतं." ते काही बोलले नाहीत. ओढून आणलेल्या जीपचे बोनेट त्यांनी उघडले आणि वॉशरच्या टाकीकडे बोट दाखवले. टाकीतले पाणी हिरवे होते. तेव्हा आम्ही दुसरे वाक्य बोललो, "पोराची चूक झाली." त्यावर आमच्याकडे पंचवीस वर्षे काम करणारे उस्ताद पुढे झाले आणि एवढेच म्हणाले, "पोराला वाचता येतं. बाटलीवर नाव होतं का?"

गुरुजींच्या उपचाराचा आणि जीपचा खर्च आम्ही दिला. पैसे गेल्याचे दुःख नाही. दुःख याचे आहे की आमच्या तोंडून खरे बोलणे तिसऱ्या वाक्याला आले.

सूरजागडचा रस्ता आणि हिवाळा

आता हा प्रश्न आपल्याच भागात एवढा गंभीर का, ते पाहू. सूरजागडची टेकडी एटापल्ली तालुक्यात आहे. तिथल्या खनिजाचे नाव हेमटाईट, म्हणजे लोखंडाचे लाल खनिज. २००७ साली तिथे खाणपट्टा मंजूर झाला. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथे वाहनांची मोठी जाळपोळ केली आणि काम थंडावले. २०२१ पासून उत्खननाने पुन्हा जोर धरला. त्यानंतर एटापल्ली, आलापल्ली, आष्टीमार्गे जड वाहनांची जी वर्दळ सुरू झाली, तिने या भागातील रस्त्यांचे आणि धंद्याचे रूपच पालटले. रस्ते उखडले, अपघात झाले, लोकांनी रास्ता रोको केले. त्याच वेळी टपरीची गॅरेजे झाली आणि गॅरेजांची दुकाने झाली. या भरभराटीत आपला वाटा आहे, म्हणून जबाबदारीतही आहे.

हेमटाईटची धूळ साध्या मातीसारखी नसते. तिचा कण काचेइतकाच, कधी काचेहूनही कठीण असतो. कोरड्या काचेवर ही धूळ असताना वायपर फिरवला, तर रबराच्या पात्याखाली धुळीची कानस तयार होते. वर्षभरात काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे पडतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून दिवा आला की पूर्ण काच चमकते. म्हणून आपल्या रस्त्यावर आधी पाणी, मग वायपर, हाच क्रम योग्य. टाकी रिकामी असणे हीसुद्धा म्हणूनच एक चूक आहे.

त्यात हिवाळा. आपला जिल्हा उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असला तरी डिसेंबर-जानेवारीत जंगलपट्ट्यात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. नदीनाल्यांजवळ धुके असते. काचेवर बाहेरून दव आणि आतून श्वासाची वाफ जमते. त्या दवात लाल धूळ मिसळली की चिखल होतो. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असल्याने तिरपे ऊन डोळ्यांत जाते. थोडक्यात, वर्षातील ज्या दिवसांत काचेचे पाणी सर्वांत जास्त वापरले जाते, त्याच दिवसांत त्यातील खोट सर्वांत महाग पडते.

हिशेब करून पाहा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. काच तीन सेकंद आंधळी झाली तर गाडी पन्नास मीटर न पाहता गेली. जंगलातल्या वळणाच्या रस्त्यावर पन्नास मीटरमध्ये सायकलवाला असू शकतो, बैलबंडी असू शकते, शाळेतून परतणारी मुले असू शकतात.

कोणत्या बाटलीतून काय होते

आमच्या चुकीनंतर आम्ही परिसरातील मिस्त्री लोकांशी बोललो. काचेच्या पाण्याच्या नावाखाली काय काय ओतले जाते ते ऐकून आम्ही थक्क झालो. एकेक पदार्थ घेऊ.

पहिला पदार्थ कूलंट. हे रेडिएटरसाठी असते. त्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. ते लवकर सुकत नाही, काचेवर तेलासारखे पसरते आणि वायपरने पुसावे तितके अधिक पसरते. पुष्कळ गाड्यांमध्ये कूलंटची जादा टाकी आणि वॉशरची टाकी दोन्ही पांढऱ्या प्लास्टिकच्या असतात, काहींमध्ये तर शेजारीशेजारी असतात. घाईतल्या हाताला फरक कळत नाही. वॉशरच्या झाकणावर काचेचे आणि फवाऱ्याचे चित्र असते. ते पाहण्याची सवय प्रत्येक शागिर्दाला लावली पाहिजे.

उलटी चूकही होते. साबणाचे पाणी कूलंटच्या टाकीत गेले तर इंजिनात फेस होतो, गंज धरतो आणि इंजिन तापते. ही चूक त्याच दिवशी दिसत नाही. महिन्याने दिसते, तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्याच कोणाला दोष देत असते.

दुसरा पदार्थ ब्रेक ऑईल. ते काच धुण्याच्या टाकीत गेले आणि बोनेटवर उडाले तर रंग फुगून निघतो. आणि ब्रेकच्या डबीत चुकून पाणी किंवा इंजिनचे ऑईल गेले तर गोष्ट गंभीर होते. ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू दोनशे अंशांच्या वर असतो. ते तापूनही उकळू नये म्हणूनच तो तसा ठेवलेला असतो. त्यात पाणी मिसळले की उतारावर सतत ब्रेक दाबताना वाफ होते आणि पॅडल खाली जाते. इंजिनच्या ऑईलने ब्रेकमधील रबरे फुगतात. म्हणून ब्रेकच्या डबीजवळ दुसरी कोणतीही बाटली उघडी ठेवू नये.

तिसरा पदार्थ ड्रायव्हर मंडळी ज्याला नुसते 'युरिया' म्हणतात तो, म्हणजे डीईएफ. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या डिझेल ट्रकांत धूर शुद्ध करण्यासाठी हे द्रव आले. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. ते पाण्यासारखेच रंगहीन दिसते. काचेवर मारले तर सुकून पांढरे खडे राहतात आणि नोझल बुजतात. परंतु खरा घोटाळा उलट बाजूने होतो. डीईएफच्या टाकीचे झाकण निळे असते आणि बाजारात मिळणारे काच धुण्याचे द्रवही बहुधा निळे असते. 'निळ्या झाकणात निळे पाणी' असा समज करून कोणी ते डीईएफच्या टाकीत ओतले, तर धूर शुद्ध करणारी सारी यंत्रणा बिघडू शकते. हप्त्यावर ट्रक घेतलेल्या माणसाचे कंबरडे मोडेल असा हा खर्च असतो.

चौथा पदार्थ धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर. स्वस्त म्हणून टाकतात. फेस फार होतो, तो काचेवर सुकतो, न विरघळलेली पावडर नळीत बसते आणि बारीक नोझल बंद पडते. मग ड्रायव्हर सुईने नोझल कोरतो आणि फवारा काचेऐवजी छपरावर जातो.

पाचवा पदार्थ रॉकेल किंवा डिझेल. जंगलात रात्री गाडी चालवली की काचेवर किड्यांचा राडा होतो, तो निघावा म्हणून टाकीत थोडे रॉकेल घालणारे आम्ही पाहिले आहेत. त्याने काचेवर तेलाचा थर बसतो आणि वायपरचे रबर फुगून वाकडे होते.

आणि शेवटी नुसते पाणी. ते या सर्वांपेक्षा बरे, यात शंका नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातला चुना नोझलमध्ये बसतो. दुसरी गोष्ट, महिनोन्महिने टाकीत साचलेले कोमट पाणी घाण होते. २०१० साली ब्रिटनमधील सरकारी आरोग्य संस्थेच्या पाहणीत असे आढळले होते की जे ड्रायव्हर टाकीत काच धुण्याचे द्रव न घालता नुसते पाणी ठेवत, त्यांना लिजियोनेला नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा धोका अधिक होता. फवाऱ्याबरोबर हे जंतू हवेत येतात. आपल्याकडे तर टाकी उन्हाळाभर तापते. तेव्हा पाणी अधूनमधून बदलावे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

बाटलीवरचे नाव आणि विष

आतापर्यंत काचेविषयी लिहिले. आता जे लिहितो ते घराविषयी आहे.

थंड देशांत काच धुण्याच्या पाण्यात मिथेनॉल नावाचे स्पिरिट घालतात, कारण तिथे साधे पाणी गोठते. हे मिथेनॉल पोटात गेले तर विष आहे. दोन चमचे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, थोडे अधिक गेले तर जीव जातो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉलच होते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बंदी असली तरी व्यसन सुटलेले नसते, हे आपण सर्व जाणतो. अशा जिल्ह्यात गॅरेजच्या फळीवर स्पिरिटच्या वासाची, नाव नसलेली निळी बाटली ठेवणे म्हणजे कोणाच्या तरी मृत्यूची सोय करून ठेवणे आहे.

कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल तर चवीला गोड असते. लहान मूल किंवा कुत्रे ते चाटून जाते आणि नंतर मूत्रपिंडे निकामी होतात. त्याचाच भाऊ शोभणारे डाय-इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये आढळले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून हेच विष लहान मुलांच्या पोटात गेले; त्यांपैकी अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. ही प्रकरणे औषधांची आहेत, मोटारीची नव्हेत. पण त्यांचा धडा प्रत्येक दुकानदारासाठी आहे. एका पिंपातून दुसऱ्या पिंपात, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत माल जाताना त्याचे खरे नाव वाटेत हरवले, की शेवटच्या माणसाला तो काय घेत आहे हे कळत नाही.

आमच्या दुकानात हेच झाले होते. कूलंट चांगल्या कंपनीचे होते आणि पोरगाही चांगला होता. फक्त मूळ डब्यातून थंड पेयाच्या बाटलीत जाताना त्या मालाचे नाव गळून पडले होते.

गरज नसलेला माल विकणे

एक दुसरी बाजूही स्पष्ट लिहिली पाहिजे. शहरातील काही व्यापारी 'हिवाळी वॉशर, उणे वीस अंशांपर्यंत गोठणार नाही' असे लिहिलेल्या बाटल्या आपल्या भागातील दुकानांत ठेवायला देतात. त्यावर नफा बरा सुटतो. आमचे स्पष्ट मत आहे की एटापल्ली-आलापल्लीत हा माल गिऱ्हाइकाला 'हिवाळ्यासाठी आवश्यक' म्हणून विकणे ही फसवणूक आहे. आपल्याकडे पाणी गोठत नाही. उलट शुद्ध मिथेनॉलची वाफ अकरा-बारा अंशांवरही पेट घेऊ शकते. ज्या गॅरेजात शेजारी वेल्डिंग चालते आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते, तिथे असा माल भरून ठेवणे धोक्याचे आहे.

हो, एखादा ड्रायव्हर माल घेऊन काश्मीरकडे निघाला असेल, किंवा एखादे कुटुंब स्वतःच्या गाडीने हिमाचल वा लडाखच्या सहलीला जात असेल, तर गोष्ट वेगळी. द्रासला हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. टाकी तडकते, नळी फुटते, बटन दाबत राहिले तर पंपाची मोटार जळते. अशा गिऱ्हाइकाला निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून न गोठणारे द्रव भरून द्यावे आणि बटन दाबून ते नळी व नोझलपर्यंत पोचवावे, नाहीतर टाकी शाबूत राहून नळी गोठते. परत आल्यावर ते काढून टाकावे. त्याला हा माल विकणे म्हणजे त्याच्या गरजेचा माल विकणे. 'कुठे चालला, भाऊ?' हा एक प्रश्न विचारला की कोणता माल द्यायचा ते कळते. हाच प्रश्न न विचारता महाग बाटली गळ्यात मारणे सोपे असते, एवढेच.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून, वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले का, असे व्यापाऱ्याला विचारल्याचा प्रेषितांचा (स.) प्रसंग आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. ते धान्य पावसाने भिजले होते. व्यापाऱ्याने मुद्दाम पाणी घातले नव्हते. तरी दोष दोषच राहिला, कारण तो गिऱ्हाइकाला दिसेल असा वर ठेवला नव्हता. आम्हाला वाटते, आपल्या धंद्यातले बोनेट म्हणजे असाच एक ढीग आहे. गिऱ्हाईक ते उघडून पाहत नाही. आपल्या शब्दावर गाडी घेऊन जाते. तो शब्द म्हणजे अमानत.

हरकती आणि उत्तरे

हे वाचून काही बांधव म्हणतील, 'काचेचे पाणी आम्ही फुकट भरतो. फुकटच्या कामाला एवढा ताप कशाला?' आमचे उत्तर असे की फुकट काम असेल तर नको म्हणा, पण केले तर नीट करा. खरे तर ते फुकट करूच नका. बिलात चार रुपये लावा, पण ओळ लिहा. ज्या कामाची बिलात ओळ असते ते काम कोणीतरी तपासतो. आमच्या दुकानात त्या कामाची ओळ नव्हती, म्हणून तपासणीही नव्हती.

दुसरी हरकत, 'पोरांना काय समजते?' पोरांना सर्व समजते. बारा प्रकारचे पाने अंधारात हाताने ओळखणारा पोरगा चार बाटल्या ओळखणार नाही? त्याला कोणी शिकवले नाही, एवढाच दोष. आणि जे मूल खरोखरच वयाने लहान आहे, त्याची जागा शाळेत आहे, गॅरेजात नाही.

तिसरी हरकत थोडी खरी आहे. 'मोठ्या शोरूमवालेही अशा चुका करतात, त्यांना कोण विचारतो?' विचारले पाहिजेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सेवा देणाऱ्या सर्वांना लागू आहे, मोठ्यालाही आणि लहानालाही. परंतु मोठ्याकडे वकील असतो. आपल्याकडे फक्त नाव असते. ते एकदा गेले की एटापल्लीच्या बाजारात परत मिळत नाही.

आणि बांधवांनो, काळही बदलत आहे. २०२५ च्या जुलैत हेडरी ते कोनसरी अशी खनिज वाहून नेणाऱ्या पाइपलाइनचे उद्घाटन झाले. जे खनिज नळातून जाईल ते ट्रकमधून जाणार नाही. आज रांगेत उभी असलेली गाडी उद्याही आपल्याच दारात उभी राहील, असे गृहीत धरू नये. गाड्या कमी झाल्या की गिऱ्हाईक निवड करू लागते, आणि तेव्हा ज्याच्या कामावर भरवसा आहे तोच गॅरेजवाला टिकतो.

काय करावे

आमच्या दुकानात आता जे नियम आहेत ते लिहून देतो. यात खर्च जवळजवळ नाही.

एक, कोणतेही द्रव मूळ डब्यातून दुसऱ्या बाटलीत काढायचे नाही. काढावेच लागले तर आधी बाटलीवर ठळक अक्षरात नाव लिहायचे, मग द्रव ओतायचे. पाण्याच्या आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या या कामासाठी कायमच्या बंद.

दोन, कूलंट, ब्रेक ऑईल, युरिया आणि काचेचे पाणी यांना वेगवेगळी नरसाळी, वेगळ्या रंगांची, वेगळ्या खिळ्याला टांगलेली.

तीन, ओतण्यापूर्वी झाकणावरचे चित्र पाहायचे आणि मोठ्याने बोलायचे, 'काच' किंवा 'कूलंट'. शेजारच्याने ऐकले पाहिजे. पहिले आठ दिवस पोरे हसली. आता सवय झाली आहे.

चार, गाडी सोपवण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर एकदा फवारा मारून वायपर फिरवून दाखवायचा. चुकीचे द्रव असेल तर ते अंगणातच कळते, जंगलात कळत नाही.

पाच, चूक झालीच तर टाकीत वरून पाणी ओतून ती लपवायची नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची, दोनतीनदा धुवायची, स्वच्छ पाणी भरून नोझलमधून साफ पाणी येईपर्यंत फवारा मारायचा. काच आणि वायपरचे रबर साबणाच्या पाण्याने धुवायचे. आणि गिऱ्हाइकाला सांगायचे. युरियाच्या किंवा ब्रेकच्या टाकीत चूक झाली असेल तर गाडी चालूच करायची नाही.

सहा, विषारी द्रवे उंच फळीवर, कुलपात. उरलेले जुने कूलंट नालीत किंवा मागच्या शेतात ओतायचे नाही. तिथे गुरे पाणी पितात.

ड्रायव्हर बांधवांनाही एक विनंती आहे. काच एकाएकी आंधळी झाली तर पुन्हा पुन्हा बटन दाबू नका. वेग कमी करा, धोक्याचे दिवे लावा, डावीकडे घ्या, थांबा. आणि धुके आतल्या बाजूला असेल तर बाहेर कितीही पाणी मारले तरी ते जाणार नाही. काचेवर हवा सोडा, खिडकी थोडी उघडा.

गुरुजी बरे झाले. त्यांनी जीप पुन्हा आमच्याकडेच सर्व्हिसिंगला आणली, तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटले. ते बोनेटजवळ उभे राहिले. पोराने नरसाळे लावले, झाकण पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "काच." गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि बिलाची वाट पाहत बाकावर जाऊन बसले. बिलात चार रुपयांची ती ओळ होती. त्यांनी ती वाचली आणि पैसे मोजून दिले.